के. पी. कँडेथ : तोफखान्याचा अधिकारी आणि गोव्याचा लष्करी राज्यपाल

लेफ्टनंट जनरल कुन्हीरामन पालट कँडेथ हे नाव महाराष्ट्रात आणि गोव्यात मुख्यतः एका तारखेशी जोडलेले आहे : १९ डिसेंबर १९६१. त्या दिवशी गोव्यातील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. ती संपवणाऱ्या १७ इन्फंट्री डिव्हिजनचे प्रमुख कँडेथ होते आणि पुढचे सुमारे सहा महिने गोवा, दमण व दीवचा कारभारही त्यांनीच लष्करी राज्यपाल म्हणून पाहिला. पण ती मोहीम त्यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात आली. तिच्या आधी पंचवीस वर्षांची तोफखान्यातील नोकरी होती आणि नंतर नागा टेकड्यांपासून १९७१ च्या पश्चिम आघाडीपर्यंतचा पल्ला. गोव्यात त्यांनी घेतलेले निर्णय समजून घ्यायचे, तर हा अधिकारी कोणत्या शाखेत घडला हे आधी पाहिले पाहिजे.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानी लष्कराची फेररचना केली, तेव्हा तोफा हिंदी शिपायांच्या हाती राहू द्यायच्या नाहीत असे धोरण ठरले. अपवाद होता तो डोंगरी तोफखान्याचा. खेचरांवर लादून नेता येतील अशा हलक्या तोफांच्या बॅटऱ्यांत हिंदी गोलंदाज टिकून राहिले. त्यांपैकी सर्वांत जुनी बॅटरी मुंबई इलाख्याची. २८ सप्टेंबर १८२७ रोजी बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनमध्ये तिची उभारणी झाली. भारतीय तोफखाना आजही २८ सप्टेंबर हा आपला स्थापनादिन मानतो. मात्र गोलंदाज हिंदी असले, तरी त्यांच्यावरचा अधिकारी गोराच असे. मैदानी तोफखान्याची दारे हिंदी माणसाला विसाव्या शतकाचे तिसावे वर्ष उलटेपर्यंत बंदच होती.

ती उघडली १९३० नंतरच्या दशकात. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली आणि १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळूरला ‘ए’ फील्ड ब्रिगेड ही हिंदी जवानांची पहिली मैदानी तोफखाना तुकडी उभी राहिली. प्रेमसिंग ग्यानी आणि पी. पी. कुमारमंगलम हे तोफखान्यात आलेले अगदी पहिले हिंदी अधिकारी. ग्यानी पुढे गाझा आणि सायप्रस येथील संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे सेनापती झाले, तर कुमारमंगलम भारताचे लष्करप्रमुख. कँडेथ १९३६ मध्ये या शाखेत दाखल झाले, म्हणजे दार नुकतेच किलकिले झालेले असताना. हिंदी माणसाला गोळाफेकीचे गणित जमेल का, अशी शंका गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये उघड बोलली जाण्याचा तो काळ होता. पहिल्या पिढीतल्या या मोजक्या अधिकाऱ्यांनी ती कामातून खोडून काढली, आणि स्वतंत्र भारताला तयार तोफखाना मिळाला तो त्यांच्यामुळे. या गोष्टीची नोंद लष्करी इतिहासात जितकी ठळक असायला हवी तितकी नाही.

कँडेथ यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९१६ रोजी मलबारमधील ओट्टपालम येथे झाला. वडील शिक्षणखात्यात होते. आईचे वडील सर चेत्तूर शंकरन नायर, म्हणजे १८९७ मध्ये अमरावतीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा देणारे हेच शंकरन नायर. अशा घरातला नातू ब्रिटिशांच्या तोफखान्यात अधिकारी झाला, यात त्या पिढीला विसंगती वाटत नव्हती. शस्त्रविद्या हिंदी हातांत आली पाहिजे ही काँग्रेसचीही जुनीच मागणी होती.

दुसऱ्या महायुद्धात कँडेथ पश्चिम आशियाच्या आघाडीवर होते. युद्धानंतर, स्वातंत्र्याच्या थोडे आधी, वायव्य सरहद्द प्रांतात टोळ्यांविरुद्धच्या कारवाईत त्यांनी काम केले आणि क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात शिक्षण घेतले. स्वातंत्र्यानंतर लगेच ते तोफखान्याच्या एका रेजिमेंटचे प्रमुख म्हणून काश्मीरमध्ये उतरले.

त्या काळातला मैदानी तोफखाना म्हणजे पंचवीस पौंडी तोफ. अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरला थोडा कमी व्यास, सुमारे सव्वाअकरा किलोचा गोळा आणि बारा किलोमीटरच्या आसपास पल्ला. ही तोफ चालवणाऱ्याला लक्ष्य दिसत नाही. तोफा टेकडीच्या आड असतात. पुढे, पायदळाच्या बरोबरीने एक निरीक्षण अधिकारी असतो. गोळा कुठे पडला ते पाहून तो वायरलेसवर मागे दुरुस्ती कळवतो : इतके डावीकडे, इतके पुढे. मागे बसलेले जवान कोन आणि अंतर बदलतात. वारा, हवेचे तापमान, दारूचे प्रमाण, नळीची झीज या सगळ्यांचा हिशेब दर वेळी मांडावा लागतो. हिशेब चुकला तर गोळा आपल्याच पायदळावर पडतो. त्यामुळे तोफखान्याच्या अधिकाऱ्याला अगदी सुरुवातीपासून दोन सवयी लागतात. पहिली, आधी मोजायचे आणि मग बोलायचे. दुसरी, आपल्या एका शब्दाने दूरवरच्या, न दिसणाऱ्या माणसांचे काय होणार याचे भान ठेवायचे.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धात रस्ते नव्हते, पूल नव्हते आणि तोफा डोंगरात नेणे हेच मोठे काम होते. वेढ्यात सापडलेल्या पुंछमध्ये पंचवीस पौंडी तोफा डाकोटा विमानांतून उतरवाव्या लागल्या. त्या पोहोचल्यावर शहरावर मारा करणारी शत्रूची ठाणी मागे हटली. तोफ वेळेवर आणि योग्य जागी पोहोचली तर थोडक्या गोळ्यांतही लढाईचे पारडे फिरते, हा त्या युद्धातला धडा होता. १९२३ मध्ये काकूलला सुरू झालेली आणि महायुद्धाच्या काळात नाशिकजवळच्या देवळालीला आलेली तोफखाना शाळा फाळणीनंतर भारताकडे राहिली. नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र उभे राहिले आणि पुढे या शाखेचे घर म्हणजे नाशिक जिल्हा असे समीकरणच झाले. कँडेथ चढत्या हुद्द्यांनी दिल्लीच्या लष्करी मुख्यालयात तोफखान्याच्या सर्वोच्च पदापर्यंत गेले. त्यानंतर त्यांच्याकडे पायदळाची डिव्हिजन आली.

इथे गोव्याच्या प्रश्नाची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे, आणि ती गोव्यात नव्हे तर उत्तरेला, दमणगंगेच्या खोऱ्यात सुरू होते. नगर हवेलीचा परगणा १७८३ मध्ये पेशव्यांनी पोर्तुगीजांना महसुलासाठी दिला होता. मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचे नुकसान केले, त्याची ती भरपाई होती. दादरा पोर्तुगीजांनी दोन वर्षांनी खरेदी केला. सिल्व्हासापासून खानवेलमार्गे दुधनीकडे जाणारा हा वारली आणि कोकणा आदिवासींचा डोंगराळ मुलूख दमणच्या किनाऱ्यापासून तुटलेला होता. भारताच्या हद्दीतून गेल्याशिवाय पोर्तुगीजांना तिथे पोहोचता येत नसे. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी नेमके हेच हेरले. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर, नाना काजरेकर, संगीतकार सुधीर फडके अशी माणसे त्यात होती. पोर्तुगीज पोलिसांचा प्रमुख कॅप्टन फिदाल्गो आपली माणसे घेऊन खानवेलच्या जंगलाकडे हटला आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. या सगळ्यात तोफेचा एकही गोळा सुटला नाही. भारतीय लष्कर त्यात उतरलेच नव्हते.

पोर्तुगालने हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने पोर्तुगालचा नागरी वाहतुकीचा हक्क मान्य केला, पण सैन्य आणि सशस्त्र पोलीस नेण्याचा हक्क नाकारला. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा व नगर हवेली हा भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. दुधनी-खानवेलचा मुलूख स्वयंसेवकांनी सोडवला, तिथे कायद्याचे काम घटनादुरुस्तीने पुरे झाले. गोव्यात मात्र समुद्रमार्गाने कुमक येत होती. पोर्तुगीज सैन्य काही हजारांचे होते आणि १९५५ च्या निःशस्त्र सत्याग्रहींवर त्याने गोळ्या झाडल्या होत्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार चर्चेला तयार नव्हता. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर आणि मच्छीमारांवर गोळीबार झाला, तेव्हा दिल्लीने लष्करी कारवाईचा निर्णय घेतला.

‘ऑपरेशन विजय’ची जबाबदारी पुण्याच्या दक्षिण कमांडकडे, म्हणजे लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे होती. प्रत्यक्ष गोव्यात शिरणारी फौज कँडेथ यांच्या हाताखाली होती : १७ इन्फंट्री डिव्हिजन आणि तिच्या जोडीला ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून बेळगावात सैन्य गोळा होऊ लागले. रेल्वेने आगगाड्यांचे वेळापत्रक मोडून लष्करी गाड्या सोडल्या आणि बेळगावच्या लोकांनी छावणीच्या रस्त्यांवर रात्रंदिवस चाललेली वाहनांची रांग पाहिली. हल्ल्याचा दिवस दोनदा पुढे गेला. राजनैतिक प्रयत्न अजून सुरू होते.

कँडेथ यांच्यापुढची अडचण त्यांच्या सगळ्या आधीच्या अनुभवाच्या उलट होती. त्यांच्याकडे तोफा होत्या, वर हवाई दल होते, समुद्रात आरमार होते. पोर्तुगीजांकडे गोव्यात लढाऊ विमान एकही नव्हते. बळाच्या दृष्टीने निकाल आधीच ठरलेला होता. पण गोव्याची माणसे शत्रू नव्हती, ती आपली होती. जुन्या गोव्यातली चर्चे, पणजीतली घरे, मंगेशी आणि शांतादुर्गेची देवळे, बाजारपेठा या सगळ्यांमधून फौज न्यायची होती. नागरी वस्तीची आणि वास्तूंची हानी शक्य तितकी टाळायची, असे सरकारचे स्पष्ट धोरण होते. हवाई दलानेही दाभोळीच्या विमानतळावर बॉम्ब टाकताना धावपट्टीच उखडायची, इमारती वाचवायच्या अशी काळजी घेतली. तोफखान्यात वाढलेल्या सेनापतीने इथे तोफांच्या भडिमाराने वाट मोकळी करण्याऐवजी पायदळाच्या वेगावर भिस्त ठेवली, हे त्यांच्या लष्करी जाणतेपणाचे सर्वांत मोठे प्रमाण मानायला हवे.

१८ डिसेंबरच्या पहाटे फौज निघाली. मुख्य धक्का पूर्वेकडून, अनमोडच्या घाटातून मोल्लेकडे उतरणाऱ्या ६३ ब्रिगेडचा होता. मागून ४८ ब्रिगेड येणार होती. उत्तरेला दोडामार्गकडून ५० पॅरा ब्रिगेड तीन वाटांनी निघाली. तिचे काम दुय्यम धरले होते. दक्षिणेला कारवारकडून एक छोटी तुकडी पोर्तुगीजांचे लक्ष विचलित करण्यासाठी होती. पोर्तुगीजांनी रस्त्यांवर सुरुंग पेरले आणि पूल उडवले. खरा अडथळा गोळीबाराचा नव्हता, नद्यांचा होता. गोवा हा खाड्यांचा आणि नद्यांचा प्रदेश आहे, आणि पूल गेल्यावर तिथे रणगाडाही थांबतो. मराठा बटालियन असलेली पॅरा ब्रिगेडची पूर्वेकडची तुकडी उसगावमार्गे फोंड्याकडे गेली. पश्चिमेची तुकडी सर्वांत वेगाने सरकली आणि १८ च्या संध्याकाळपर्यंत मांडवीच्या काठी, बेतीमला, पणजीच्या समोर येऊन थांबली.

दुय्यम धरलेली ब्रिगेड राजधानीच्या दाराशी पोहोचल्यावर योजना बदलावी लागली. ठरलेल्या आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा जिथे वाट मोकळी झाली तिथून पुढे जायचे, हे धोरण कँडेथ आणि सगतसिंग दोघांनी पाळले. १९ डिसेंबरच्या सकाळी मांडवी ओलांडून भारतीय सैन्य पणजीत शिरले. शहराने त्याचे स्वागत केले. पूर्वेची फौज मडगाव घेऊन वास्कोकडे वळली आणि वेर्ण्याजवळ काही प्रतिकार मोडून पुढे गेली. आग्वादच्या किल्ल्यातील राजकीय कैदी सोडवायला गेलेले ७ लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू मात्र किल्ल्यापाशी मारले गेले. १९ च्या रात्री वास्कोला गव्हर्नर जनरल वास्सालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा लिस्बनचा हुकूम होता. तो त्यांनी पाळला नाही, म्हणून गोवा उद्ध्वस्त होण्यापासून वाचला. याचे श्रेय त्या पोर्तुगीज अधिकाऱ्यालाही दिले पाहिजे. सालाझारने त्याला लष्करातून काढून टाकले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याचा मान परत मिळाला.

दमणची लढाई स्वतंत्रपणे झाली. तिथे १ मराठा लाइट इन्फंट्रीने हल्ला केला आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आले. दीवमध्ये प्रतिकार अधिक चिवट होता. गोवा, दमण, दीव मिळून भारताचे २२ जवान धारातीर्थी पडले, तर पोर्तुगीजांचे सुमारे ३०. साडेचार हजारांवर पोर्तुगीज कैद झाले.

इथून पुढे कँडेथ यांचे काम बदलले. लष्करी राज्यपाल म्हणून त्यांच्यापुढे शासनाचा एक पूर्ण सांगाडा होता, आणि तो पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज कायद्यांवर आणि लिस्बनच्या आदेशांवर चालणारा. कचेऱ्या, न्यायालये, बंदर, टपाल, शाळा, खाणींतून चालणारा लोहखनिजाचा व्यापार यांतले काहीही बंद ठेवून चालणार नव्हते. जुना कर्मचारीवर्ग कामावर ठेवून तो हळूहळू भारतीय चौकटीत आणण्याचा मार्ग निवडला गेला. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव मार्च १९६२ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला आणि हे विलीनीकरण २० डिसेंबर १९६१ पासून झाल्याचे धरण्यात आले. त्याच वर्षीच्या प्रशासन कायद्याने आधीचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. गोव्यात आजही असलेल्या समान नागरी कायद्याची मुळे त्या तरतुदीत आहेत. एस्कुदोची जागा रुपयाने घेतली. हजारो युद्धकैद्यांना काही महिने सांभाळणे हेही काम लष्कराकडेच होते. मे १९६२ पर्यंत ते मायदेशी परतले.

लष्करी सत्ता लवकर संपवायची, हे कँडेथ यांच्या राजवटीचे वैशिष्ट्य ठरले. ७ जून १९६२ ला टी. शिवशंकर हे पहिले नागरी नायब राज्यपाल म्हणून रुजू झाले. सहा महिन्यांच्या आत जनरल बाहेर पडला. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यानंतर गोव्याच्या राजकारणात महाराष्ट्रात विलीन होण्याचा वाद पेटला, पण त्यात लष्कर कुठेच नव्हते. आशिया-आफ्रिकेत त्याच वर्षांत एकामागून एक सेनाधिकारी सत्ता बळकावत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या लवकर बाहेर पडण्याचे मोल कळते.

गोव्यानंतर चीनचे युद्ध झाले आणि डोंगरी डिव्हिजनांची उभारणी सुरू झाली. कँडेथ यांच्याकडे ईशान्येत नव्याने उभी राहणारी ८ माउंटन डिव्हिजन आली. नागा बंडखोरांशी लढणे हे तिचे काम. इथे तोफखाना जवळजवळ निरुपयोगी होता, कारण शत्रू गावातच राहत होता. सप्टेंबर १९६४ मध्ये तिथे शस्त्रसंधी झाली. पुढे ते लष्करी मुख्यालयात डेप्युटी चीफ झाले आणि १९६९ मध्ये शिमल्याला पश्चिम कमांडचे प्रमुख.

१९७१ च्या युद्धाची चर्चा नेहमी ढाक्यावर केंद्रित होते. पश्चिमेकडची लढाई तुलनेने विसरली जाते. तिचा भार मुख्यतः कँडेथ यांच्यावर होता. लडाखपासून पंजाबच्या दक्षिण टोकापर्यंतची सरहद्द आणि तीन कोअर एकाच कमांडच्या हाती. दक्षिणेकडे राजस्थान-कच्छची आघाडी जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांच्या दक्षिण कमांडकडे होती. बांगलादेशात निर्णायक विजय मिळवायचा आणि पश्चिमेला पाकिस्तानला रोखून धरायचे, असा एकूण आराखडा होता. रोखून धरणाऱ्या सेनापतीच्या वाट्याला टाळ्या कमी येतात.

३ डिसेंबरला पाकिस्तानने हल्ला केला. छांबमध्ये भारतीय फौजेला मुनव्वर तवीच्या पूर्वेला हटावे लागले, हा या आघाडीवरचा सर्वांत कटू प्रसंग. हुसैनीवाला गेले. पुंछ मात्र टिकले, कारगिलची शिखरे आणि तुर्तुक भारताच्या हाती आले, डेरा बाबा नानकचा पूल जिंकला. शकरगढच्या भागात बसंतरच्या काठी १५ ते १७ डिसेंबरला रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पुढे लष्करप्रमुख झालेले अरुणकुमार वैद्य तेव्हा १६ आर्मर्ड ब्रिगेडचे ब्रिगेडियर होते. याच लढाईत त्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. सुरुंग पेरलेल्या जमिनीतून वाट काढत पुढे जाणाऱ्या या फौजेला तोफखान्याच्या माऱ्याचा मोठा आधार होता. १७ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता शस्त्रसंधी झाली. युद्धानंतर १९७२ मध्ये या अवाढव्य कमांडचे विभाजन होऊन उत्तर कमांड वेगळी काढण्यात आली. एका सेनापतीने इतकी लांब आघाडी सांभाळणे अवघड आहे, हे युद्धाने दाखवून दिले होते.

परमविशिष्ट सेवा पदक आणि पद्मभूषण हे सन्मान कँडेथ यांना मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी पश्चिम आघाडीवरील युद्धाचा वृत्तांत पुस्तकरूपाने लिहिला. तो १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाला आणि त्या आघाडीच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो. पुढे ते भारतीय जनता पक्षातही काही काळ होते. त्यांनी लग्न केले नाही. १९ मे २००३ रोजी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.